पेटत्या भट्टीची माणसं

त्या वर्षी उन्हाळा जायचं नावच घेईना. डोंगरातले झरे एकामागून एक आटले आणि पाणी म्हणता येईल असं एकच ठिकाण उरलं, तेही नेमकं कोळसेवाल्यांच्या झोपडीमागे. एरवी त्या झऱ्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. पाणी गढूळ, वर पाल्याचा थर, आणि वास असा की गाढवंसुद्धा नाक मुरडत. पण कोरड्या दिवसांत असल्या पाण्याच्या वासावरही माणसं येतात, आणि कसली माणसं यावीत हे काही झऱ्याच्या हातात नसतं.

झोपडीत मोठा, त्याची बायको, मोठ्याचा पाठचा भाऊ धाकटा आणि नुकती नीट बोलू लागलेली पोर, एवढीच माणसं. पोरीला सगळे ठिणगी म्हणत, कारण ती एका जागी कधी पडत नसे. मोठ्याची बायको या घरात आली तेव्हा सासू नव्हतीच. धाकटा एवढासा होता, नाकाला शेंबूड आणि कमरेला काही नाही असा. त्याला न्हाऊ घालण्यापासून त्याच्या डोक्यातल्या उवा मारण्यापर्यंत सगळं तिनं केलं. आता तो दारात उभा राहिला की झोपडीत अंधार होई, इतका वाढला होता, आणि खालच्या गावात त्याच्या लग्नाचं बोलणंही निघालं होतं. तरी तिनं नुसतं डोळ्यांनी बजावलं की तो गप्प बसे.

घरातली सगळीच काळी. जन्माची काळी नव्हेत, कामाची. मोठ्याला लग्नाच्या दिवशी दगडानं घासून काढलं होतं, तरी नखं काळी ती काळीच राहिली. बायको त्याला चिडवायची, मला वाटलं होतं तुमची नखं अशीच उगवतात. तो हसायचा. हसला की दात तेवढे पांढरे दिसायचे, आणि ठिणगी त्या दातांत बोट घालायला जायची.

ज्याला भट्टी ठाऊक नाही त्याला ती नुसती मातीची टेकडी दिसते. आत ओंडके उभे रचायचे, वर पाला दाबायचा, त्यावर ओली माती लिंपायची, आणि मधल्या तोंडातून विस्तव सोडायचा. मग त्या लाकडाला धड जळू द्यायचं नाही आणि धड विझू द्यायचं नाही. बाजूच्या भोकांतून वारा किती आत सोडायचा, सगळा खेळ त्यावर. धूर आधी पांढरा येतो, मग पिवळट, शेवटी निळा आणि पातळ. निळा आला की भोकं बुजवायची. मधेच कुठे माती तडकली आणि लिंपायला माणूस नसला, की काळा लोट उठतो, ज्वाळा येतात आणि सगळ्या मेहनतीची राख होते. म्हणून पेटती भट्टी सोडून कुणी जात नाही. मोठ्याचा बाप खालच्या गावात वारला तेव्हा मोठा भट्टीवर होता. बापाला पोहोचवायला त्यानं धाकट्याला पाठवलं आणि आपण डोळे पुसत माती लिंपत बसला. लोकांनी नावं ठेवली. बापानं ठेवली नसती, कारण शिकवण त्याचीच होती.

तर त्या दिवशी भर दुपारी मोठ्याची बायको झऱ्याशी पायांनी चिखल तुडवत होती. मान वर केली तर समोर माणसं उभी, सगळ्यांच्या खांद्यांवर बंदुका. पुढे गाढववाला.

त्याला ती चांगली ओळखत होती. कितीतरी वर्षं त्यांच्या कोळशाची पोती त्याच्याच गाढवांवरून खाली जात. गरीब, चेष्टा सोसणारा माणूस. कुणीही म्हणावं, काय रे, यातलं गाढव कुठलं आणि तू कुठला, आणि त्यानंच सगळ्यांच्या आधी हसावं. मग जंगलखात्याच्या एका शिपायानं त्याची गाढवं कोंडून ठेवली आणि ती तिथेच चाऱ्यावाचून मेली. गाढववाल्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्या शिपायाचा हात मोडला, त्याची बंदूक घेतली आणि डोंगरात शिरला. तेव्हा लोकांना बरंच वाटलं होतं. शिपाई होताच तसा. पुढे वाटमारीच्या गोष्टी येऊ लागल्या, एका सावकाराचं घर फोडलं म्हणाले, एका वाटसरूचे कान कापले म्हणाले, आणि लोक त्याला गाढववाला म्हणेनासे झाले. भाऊ म्हणू लागले.

एवढ्या उन्हात त्याच्या अंगात कुणाचातरी लोकरी कोट होता. आणि तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "गाढवं कुठे बांधलीत?"

मागची माणसं ताठ झाली. एकानं तर बंदूक खांद्यावरून खाली घेतली. गाढववाला तिच्याकडे पाहत राहिला आणि मग खदखदून हसला, तेव्हा बाकीचेही हसले.

"गाढवं नाहीत आता, वहिनी," तो म्हणाला. "आता माणसं हाकतो."

झऱ्याचं पाणी ते पोटभर प्यायले, तोंडं धुतली आणि राहिलेल्या पाण्यात घोटे बुडवून बसले. तोवर मोठा आणि धाकटा आले होते. गाढववाल्यानं भट्टीला एक फेरा मारला, भोकांवरून हात फिरवला. धूर पांढरा आहे, म्हणजे कालच पेटवली, असं त्यानंच सांगितलं. मोठा हो म्हणाला.

"मग बरं झालं," गाढववाला म्हणाला. "म्हणजे तुम्ही कुठे जात नाही."

झोपडीमागच्या घळीत त्यांनी मुक्काम टाकला. माणसं म्हटली की चूल आली, चूल म्हटली की धूर आला, आणि डोंगरातला धूर खालून कोसावरून दिसतो. पण कोळसेवाल्यांच्या धुराकडे कोण बघणार, तो तर रोजचाच. म्हणून भाऊंचा हुकूम झाला, एक भट्टी निळी व्हायच्या आत दुसरी पेटली पाहिजे. धूर एक दिवसही थांबता कामा नये.

हुकूम द्यायला काय लागतं. लाकूड तोडायचं मोठ्यानं आणि धाकट्यानं, रचायचं त्यांनीच, आणि माती तिनं तुडवायची. गढूळ पाणीसुद्धा पुरेना, तेव्हा ती माणसांचं हातपाय धुतलेलं पाणी घमेल्यात धरून चिखलाला वापरू लागली. मोठ्याच्या तळहातांना भेगा पडल्या, त्यात माती भरली. भट्टीवर चढून आडवं फळकूट टाकायचं, त्यावर उभं राहून तडा शोधायचा आणि खाली वाकून लिंपायचं, हे तो आयुष्यभर करत आला होता. पण आता एकीवरून उतरला की दुसरीवर चढावं लागे. एकदा तो फळकुटावर उभ्याउभ्याच पेंगला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. धाकट्यानं ओढून काढला म्हणून पाय राहिला. पोटरीची कातडी मात्र गेली. घळीतली माणसं ते बघून हसली, आणि एक जण म्हणाला, भाजलेला वास बरा येतोय.

जेवण तिनंच रांधायचं. भाऊ जेवायला बसले की आधी त्यांच्या ताटातलं मोठ्यानं खायचं आणि सगळ्यांनी त्याच्या गळ्याकडे बघत बसायचं. एकदा कोळशाच्या भुकटीनं मोठ्याला ठसका लागला, घास घशात अडकला, तर पापणी लवायच्या आत बंदुका तिच्यावर रोखल्या गेल्या. ठिणगी तिच्या पदरात होती. मोठ्यानं डोळ्यांत पाणी आणून कसाबसा घास गिळला, पाणी प्यायला आणि सगळ्यांसमोर तोंड उघडून दाखवलं. मगच भाऊंनी ताट ओढलं. ती चुलीशी परत गेली तेव्हा तिला पीठ मळता येईना.

हळूहळू खालच्या गावांतून माणसं वर येऊ लागली. बांधाचं भांडण, पळून गेलेली सून, भावाभावांची वाटणी. भट्टीच्या सावलीत भाऊ खाटेवर बसत, खाट मोठ्याचीच, आणि निवाडा देत. निवाडा लवकर होई, कारण अपील करायला वर कुणी नव्हतं. येणारे जाताना मोठ्यालाही हात जोडू लागले. आयुष्यात ज्याला कुणी बस म्हटलं नाही त्याला एका दुकानदारानं तंबाखूचा पुडा दिला आणि आमचं तेवढं भाऊंच्या कानावर घाला म्हणाला. मोठा काही वाईट माणूस नव्हता. पण त्या दिवशी तो पुडा त्यानं बायकोला दोनदा दाखवला. "भाऊ म्हणत होते" असं तो मधूनमधून बोलू लागला, आणि तिला ते आवडलं नाही.

तिचा जीव टांगला होता तो मात्र धाकट्यापायी. भाऊंनी त्याला हेरलं होतं. येताजाता पाठीवर थाप, जवळ बसवून घेणं, आणि मग एकदा धर म्हणून बंदूकच हातात दिली. ती लांबून बघत होती. धाकट्यानं बंदूक घेतली ती जपून, पहिल्यांदा ठिणगीला घेतलं होतं तशी. दुसऱ्या दिवशी तो झोपडीच्या दाराशी बसून घरातलं तेल लावून त्या बंदुकीचा दस्ता पुसत होता. ज्यानं जन्मात स्वतःचं ताट घासलं नाही तो. तिनं तेलाची बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. त्यानं वर पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांना डोळा देऊन तो गप्प न बसता म्हणाला, "थोडंसंच घेतलं होतं, वहिनी."

आणि मग जेवता जेवता भाऊंनी सांगून टाकलं. परवा घाटात बस अडवायची आहे आणि धाकटा बरोबर येईल. धुरात वाढलेले डोळे आहेत, लांबचं दिसतं.

ती म्हणाली, तो भट्टीवर लागतो.

"भट्टीला एक माणूस पुरे," भाऊ म्हणाले. "काळजी करू नका वहिनी. पहिल्या खेपेला नुसतं उभं राहायचं असतं."

भाऊंच्या शेजारी एक चष्मेवाला बसायचा. बारीक, अबोल माणूस. त्यानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. "माझंही पहिल्या खेपेला नुसतं उभं राहायचंच ठरलं होतं," तो म्हणाला. तो चष्मा मुळात त्याचा नव्हता हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. मान खाली घातली की तो नाकावरून सारखा घसरायचा.

सकाळी मोठा भट्टीवर होता आणि ती खालून मातीची घमेली देत होती. तिनं सांगितलं, आज निघायचं. दुपारी घळीतली माणसं आडवी होतात. कुऱ्हाडी आणि दोर घेऊन लाकडाला निघाल्यासारखं निघायचं, खिंड ओलांडायची आणि शहर गाठायचं. तिथे वखारीत काम मिळेल.

मोठ्याला वाटलं ती भट्टी निवल्यावरचं बोलते आहे. आजच म्हटल्यावर त्याचा हात थांबला. धूर पिवळा आहे, तो म्हणाला. आज कसं निघणार, आज तर सगळ्यात जपायचा दिवस.

"जळू दे ती."

"अशी कशी जळू दे?"

"मग धाकट्याला जाऊ द्यायचं का? एकदा तो त्या बसपुढे उभा राहिला की आपला राहायचा नाही. मी वाढवलाय त्याला. तुमच्यासाठी नाही, आणि त्या गाढववाल्यासाठी तर नाहीच नाही."

मोठ्यानं हातातली माती तड्यावर थापली. मग म्हणाला, बरं. त्यानं एकेक भोक जमेल तेवढं बारीक केलं, माती दुहेरी लिंपली, वरून पुन्हा हात फिरवला. आजारी माणसाला घरात एकटं ठेवून बाहेर जाताना पांघरूण नीट करावं तसं त्याचं चाललं होतं. संध्याकाळपर्यंत धरेल, असं तो दोनदा म्हणाला, तिला नाही, आपल्यालाच.

धाकट्याला तिनं काही विचारलंच नाही. ठिणगीला त्याच्या कडेवर दिलं आणि पुढे चाल म्हणाली. तो एकदा घळीकडे बघून थबकला. तिनं त्याचं मनगट धरलं, लहानपणी धरायची तसं, आणि तो चालू लागला. घळीच्या तोंडाशी पहाऱ्यावरचा माणूस झाडाला टेकून बसला होता. त्यानं कुठे म्हणून हनुवटी उचलली, मोठ्यानं कुऱ्हाड दाखवली, आणि त्यानं पुन्हा डोळे मिटले.

ऊन असं होतं की दगडावर पाय ठरत नव्हता. पाणी नाही, बोलणं नाही. ठिणगी धाकट्याच्या खांद्यावर झोपली. खिंड हाकेच्या अंतरावर आली तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की सुटलो. आणि तेवढ्यात मोठा वळून उभा राहिला.

ती म्हणाली, मागे बघू नका. पण त्यानं बघितलंच होतं. खाली झाडांच्या वर त्यांचा धूर दिसत होता, आणि पिवळ्या धुराच्या एका कडेला काळी शेंडी फुटली होती. उत्तरेकडून तडकली, तो म्हणाला. सकाळी तिथलीच माती सुकी वाटत होती मला.

"चला."

"जंगल पेटेल. असला उन्हाळा. खालची गावं आहेत."

ते खरंही होतं. पण तो जंगलासाठी जात नव्हता हे ती त्याच्या हातांकडे बघून ओळखत होती. त्याची बोटं मिटत उघडत होती, त्यांना माती हवी होती. तिनं त्याचा सदरा मुठीत धरला. तो म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, लिंपतो आणि आलोच. तिनं मूठ सोडली नाही तेव्हा त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली, अगदी हळू, आणि उतरणीला लागला. धावतच गेला. पोटरी अजून भरली नव्हती, त्यामुळे धावणं लंगडं होतं. ती खिंडीत उभी राहिली. काळी शेंडी आधी जाड झाली, मग बारीक झाली, आणि मग नाहीशी होऊन पिवळा धूर सरळ वर येऊ लागला. मोठा मात्र आला नाही.

शहरात वखारीमागच्या पडवीत त्यांना जागा मिळाली. ती कोळसा चाळायची, धाकटा पोती उचलायचा. काही दिवसांनी डोंगरातली एक मोळीवाली आली, तिच्याकडून कळलं. मोठा कोपरापर्यंत मातीनं भरलेला भट्टीशेजारी बसून होता, दमून. भाऊ घळीतून आले, त्यांनी झोपडीत डोकावलं आणि हसले. आपल्या माणसांना म्हणाले, मी म्हटलं नव्हतं, पेटती भट्टी सोडून ही माणसं जात नाहीत. मग मोठ्याला म्हणाले, धाकटा गेला तर जाऊ दे, त्याच्या वाटचं तू करशील.

धाकटा त्याच पावली परत निघाला होता. तिनं दार अडवलं. तू गेलास तर मग आम्ही निघालो कशाला, ती म्हणाली, आणि ते बोलताना तिला रडू फुटलं. तिला रडताना त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. तो पोत्यावर बसला, तो संध्याकाळपर्यंत तिथेच.

वखारीच्या मागच्या अंगणातून डोंगर दिसायचा आणि डोंगरावरचा तो धूरही. उठल्याबरोबर ती आधी तिकडे बघायची. पांढरा असला म्हणजे काल पेटवली, दमला असेल. पिवळा असला म्हणजे आज झोप नाही. निळा झाला की तिला हलकं वाटायचं, की आता घटकाभर पाठ टेकेल. धूर आहे म्हणजे माणूस आहे. ठिणगीला ती दाखवायची, ते बघ बाबा. त्यामुळे पोरीला बाबा म्हणजे लांबून दिसणारी एक रेघ, असंच वाटू लागलं.

भाऊंची खबर वखारीत रोज यायची. घाटातली बस लुटली, चालकाला खाली उतरवून मारलं. मग बस लुटणं थांबलं, कारण बसवालेच पैसे पोचवू लागले. लाकडाच्या गाड्या त्यांना विचारून निघू लागल्या. जंगलाचा जुना ठेकेदार तेवढा अडून बसला होता, मी कुणाला भीत नाही म्हणायचा, आणि एके दिवशी तो डोंगराकडे बोलणी करायला गेला तो परतलाच नाही. शोधायला फौजदार वर गेला, दोन दिवस राहिला आणि काही सापडलं नाही म्हणून उतरला.

त्या दोन दिवसांतला धूर तिनं पाहिला होता. मळकट, जड, वर न चढता झाडांवरच लोळणारा. कुठल्याच लाकडाचा धूर तसा नसतो. चाळण हातात धरून ती बराच वेळ अंगणात उभी राहिली, आणि मग डोंगराकडे पाठ करून चाळायला लागली. ती भट्टी कुणी रचली असेल, कुणी लिंपली असेल हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं धाकट्याला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी धूर पुन्हा पांढरा आला, साधा, लाकडाचा, आणि तिला त्याही वेळी बरं वाटलं, याची तिला लाज वाटली.

पाऊस आला, गेला. पावसातही धूर कधी चुकला नाही. लोक आता भाऊंना भाऊ म्हणत नव्हते, साहेब म्हणत होते. वखारीचा मालक तर नुसतं नाव निघालं तरी आवाज खाली आणायचा.

आणि मग एका सकाळी डोंगरावर काळा लोट उठला. बारीकशी शेंडी नव्हे, भला मोठा लोट, खाली लाल. दुपारपर्यंत तो तसाच होता. कुणी लिंपत नव्हतं.

धाकटा धावत अंगणात आला. त्याचा चेहरा उजळला होता. "वहिनी, दादानं सोडली भट्टी! सुटला दादा."

ती पोत्यावर बसली. मोठा जिवंतपणी भट्टी अशी सोडणार नाही हे तिला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं दुसरं काहीच नव्हतं. तिनं डोळे मिटून घेतले आणि धाकट्याला काय म्हणायचं ते म्हणू दिलं. त्या दिवशी तिनं रांधलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कामाला आली, कारण पोटं होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळीच मालकानं वखार झाडून घेतली, रस्त्यावर पाणी मारलं, नवा सदरा घातला आणि दारात हात जोडून उभा राहिला. साहेब येणार होते. साहेबांवरचे सगळे गुन्हे माफ झाले, शरण आले म्हणे, असं रस्त्यावर चाललं होतं. दोन्हीकडे माणसांची ही गर्दी. जीप आली ती चालण्याच्या वेगानं, बाजूनं फौजदार चालत होता, घाम पुसत आणि हसत. जीपमधून गाढववाला उतरला. पांढरे कपडे, कडक इस्त्री. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, मालकाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग चाळणीशी उभ्या असलेल्या तिला बघून सरळ तिच्याकडे आला.

"वहिनी, तुमच्या हातचं जेवण विसरलो नाही मी," तो म्हणाला. "जंगलाचा ठेका आता आपला. ही वखारही आपलीच. धाकट्या, ठेव ते पोतं. उद्यापासून इथला कारभार तू बघायचा."

धाकट्यानं पोतं खाली ठेवलं. त्याला राग आला असावा, भीतीही वाटली असावी. पण भरल्या रस्त्यात सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याची पाठ किंचित सरळ झाली. तिला ते दिसलं.

साहेबांच्या मागे बंदूक घेऊन एक माणूस उभा होता, तोही पांढऱ्या सदऱ्यात. दाढी केलेली, केस चापून बसवलेले. एका पायावर जरा भार देऊन उभा होता, त्यावरून तिनं ओळखलं. जिवंत होता. ती चाळण टाकून पुढे गेली.

आणि समोर गेल्यावर तिला दुसरं काही सुचेना. तिनं विचारलं, "भट्टी कुणावर सोडून आलात?"

"कुणावर नाही," मोठा म्हणाला. "साहेब म्हणाले, आता धुराचं काम नाही. चल."

"बुजवली नाहीत?"

"नाही."

तो तिच्याकडे बघत नव्हता, साहेबांच्या पाठीकडे बघत होता, ती पाठ हलली की हलायला. तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं. बंदुकीच्या पट्ट्यावर ठेवलेली बोटं स्वच्छ होती, नखं गुलाबी. जी भट्टी त्यानं बापासाठी सोडली नाही, जिच्यापायी त्यानं खिंडीत तिची बोटं एकेक करून सोडवली, ती भट्टी त्या माणसाच्या एका शब्दावर तो पेटती टाकून आला होता. तो मेला असं ती समजून बसली होती तेच बरं होतं, असं तिला वाटून गेलं.

ठिणगी तिच्या मागून डोकावत होती. मोठा खाली वाकला, बंदूक पाठीवर सरकवली आणि ये म्हणून हात पुढे केले. तो हसला. दात तसेच होते, पण आता सगळा चेहराच उजळ असल्यामुळे ते वेगळे दिसत नव्हते. पोरीनं आईचा पदर तोंडापर्यंत ओढला आणि मागे सरकली.

"आई, हे कोण?"

"साहेबांचा माणूस आहे," ती म्हणाली, आणि पोरीला कडेवर घेऊन पुन्हा चाळणीशी जाऊन उभी राहिली.